बोका आणि भाड्याची लेन्स

हाहा, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पिंगळ्याने (छोट्या घुबडाने) दोन तास तुम्हाला नुसती पाठ दाखवली ही तुमची पोस्ट वाचून आम्हाला भेटलेला एक बोका आठवला. मागच्या फेब्रुवारीत नवी मुंबईत सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागे फ्लेमिंगोंचे फोटो काढायला गेलेलो, भाड्याची मोठी लेन्स, भरतीचं टायमिंग बघून पहाटे उठलेलो (भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो मग ते इकडच्या पाणथळीत येतात). थवा उतरला, सगळे मान खाली घालून उलट्या चोचीने पाणी गाळायला लागले आणि नेमका तेव्हाच एक पिवळा बोका बांधावरून रमतगमत आला आणि लेन्ससमोर, म्हणजे बरोब्बर समोर, पाठ करून बसला. शुक शुक केलं तर फक्त एक कान मागे वळला. बायकोने बिस्किट पुढे केलं, ते हुंगून त्याने असं बघितलं की आम्हालाच लाज वाटली. शेजारचे काका म्हणतात, "अहो राहू द्या, त्याची रोजची जागा आहे ती." वीसेक मिनिटं पाय चाटून झाल्यावर साहेब उठले, जाताजाता ट्रायपॉडला अंग घासलं, तोवर पक्षी उडालेले. घरी येऊन बघतो तर जवळपास प्रत्येक फोटोत गुलाबी धूसर पट्टा आणि त्यापुढे दोन पिवळे कान. आईला तेच आवडले.