मदत हवी आहे: २८ टक्के मँगेनीजच्या हलक्या पोलादाला चुंबक चिकटतंय!

नमस्कार मंडळी,

जळगावला एम.टेक.चं प्रोजेक्ट करतोय. २८ टक्के मँगेनीज, ९ टक्के ॲल्युमिनियम, ०.९ टक्के कार्बन, बाकी लोखंड. एमआयडीसीतल्या ओळखीच्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टीवर वितळवलं (वर अशी साय धरली की मिस्त्री म्हणे, "पोलाद करताय का बासुंदी?"), मग गरम असतानाच घणाखाली चपटं केलं. घनता ६.८ ग्रॅम/घन सेंमी आली. साध्या पोलादाची ७.८५, म्हणजे हलकं तर झालंय.

१०५० अंशांवर तासभर ठेवून पाण्यात बुडवलं. आता जवळजवळ सगळं ऑस्टेनाइट (पोलादाची चुंबक न धरणारी स्फटिकरचना) हवं, चुंबक लागायलाच नको. इथे कपाटाच्या दाराचं चुंबकसुद्धा चिकटतंय! एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखायची चाचणी) ४४ अंशांजवळ फेराइटचा (चुंबक धरणारी रचना) पीक, म्हणजे आलेखातलं टोक, आहे. सर म्हणतात कार्बन कमी पडला. दुसरा तुकडा कप्पा कार्बाइडसाठी (लोखंड, मँगेनीज, ॲल्युमिनियम, कार्बनचं कडकपणा आणणारं संयुग) ५५० अंशांवर दहा तास ठेवला. हार्डनेस २३० वरून ३४० विकर्सवर गेला, पण मायक्रोस्कोपखाली दोन्ही सारखेच. कप्पा कार्बाइड कुठं शोधू?

जुना भट्टीवाला, भुसावळ:
भाऊ, भट्टी साधी हवेचीच ना? मग आधी वरची कातडी बघा. १०५० ला पृष्ठभागावरचा कार्बन जळतो, मँगेनीज ऑक्साइडमध्ये जातं. ऑस्टेनाइटला धरून ठेवणारे हे दोघंच. ते गेले की ॲल्युमिनियम तिथं फेराइट करून टाकतं. तुमचा एक्सआरडी त्या कातडीचाच असणार, किरण काही मायक्रॉनच आत जातात. पाणी सोडत अर्धा मिलिमीटर घासा, मग चुंबक लावा. तरी चिकटलं तर सरांचं खरं.

कप्पा पोलादाच्या स्फटिककणांच्या आत नॅनोमीटरचा असतो, साध्या मायक्रोस्कोपला दिसायचा नाही. हार्डनेस वाढला तीच त्याची खूण. टीईएम (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मिळाला तर उत्तम. एक्सआरडीत ऑस्टेनाइटच्या पहिल्या पीकला डावीकडे खांदा फुटतो का पाहा. नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल) एच केल्यावर, म्हणजे पृष्ठभाग हलका कोरल्यावर, कणांच्या सीमेवर जाड कप्पा दिसला तर मात्र सावध, तुकडा ठिसूळ होतो. आणि एक्सआरडीची क्ष-किरण ट्यूब कॉपरची आहे का? तिनं लोखंड-मँगेनीज दोन्ही चमकतात (स्वतःच क्ष-किरण सोडतात), बॅकग्राउंड वर चढतो. कोबाल्टनेही मँगेनीज चमकतंच. क्रोमियमची मिळाली तर बघा.

धागाकर्ता:
ट्यूब कॉपरचीच, बॅकग्राउंड डोंगराएवढा! काल घासला. मधे चुंबक सुटलं, एका कोपऱ्याला अजून किंचित ओढतंय. तिथं दोन्ही बाजूंची कातडी आहे, तो उद्या आडवा कापून नायटल लावतो. फोटो इथंच टाकेन.