पेन म्हणजे लेखणी की दुखणं? इंग्रजी शब्द वहीत मराठीत लिहावेत का?

काउंटरवाली, टिळकवाडी

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला एका औषधाच्या दुकानात काउंटरला असतो. (होय, बाईच आहे. आमच्याकडं बायकाही ‘जातो-येतो’च म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी आत्ताच हसून घ्यावं.) माहेर खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचता येतं, गोळ्यांची नावं तर झोपेतसुद्धा वाचीन. अडतं ते बोलताना आणि ऐकताना.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. इथं मेडिकलला बाहेरच्या देशांतली पोरं शिकायला असतात. त्यातला एक आला आणि म्हणाला, ‘समथिंग फॉर पेन’. मी म्हटलं, ‘रिफिल नो. झेरॉक्स शॉप, नेक्स्ट.’ तो मानेवर हात ठेवून माझ्याकडं बघतच राहिला. शेवटी आमच्या अक्कानं, म्हणजे माझ्याबरोबर काउंटरला असते त्या कन्नड बाईनं, मलम काढून दिलं. तेव्हापासून दुकानात माझं नाव ‘रिफिल’ पडलंय.

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. नवा शब्द कळला की डावीकडं इंग्रजी स्पेलिंग, मधे मराठीत उच्चार, उजवीकडं अर्थ. पावतीला मी बरीच वर्षं ‘रिसिप्ट’ म्हणत होतो, आता वहीत ‘रिसीट’ आहे. न्युमोनिया आणि सोरायसिसला सुरुवातीला पी असतो पण तो म्हणायचा नाही, हेही लिहिलंय. सगळ्यात मोठा धक्का कफ सिरपनं दिला. मला वाटायचं त्यातला कफ म्हणजे आपलाच, छातीत साठतो तो. तर तो इंग्रजी शब्द निघाला, उच्चार कॉफ आणि अर्थ खोकला!

माझी पोरगी इंग्रजी शाळेत सहावीला आहे. ती वही बघून म्हणते, ‘आई, असं मराठीत लिहायचं नसतं, बाई ओरडतात.’ आता मला कोण ओरडणार ते सोडा, पण खरंच चुकतंय का? वही चालू ठेवू की टाकून देऊ?

सोन्या_उचगाव

काकू, वही रद्दीत घाला. मोबाईलमध्ये शब्द टाका, स्पीकरच्या चित्रावर बोट ठेवा, उच्चार ऐकू येतो. मी तसंच शिकलो. फक्त ब्रिटिश की अमेरिकन ते आधी ठरवा, नाहीतर एकच शब्द एकदा शेड्यूल आणि एकदा स्केज्युल ऐकू येईल आणि डोकं फिरेल.

काउंटरवाली, टिळकवाडी

काकू नको, ताई म्हण. ऐकतो की मी पण! ऐकताना कळतं, पण संध्याकाळी कानात काही उरत नाही. आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना मोबाईल कानाला लावून बसू काय?

सुभेदार_निवृत्त

ताई, माझं शिक्षण सातवी, बाकी सगळं पलटणीत. कर्नल हा शब्द मी पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणायचो, कारण तो कानानं आला. त्याचं स्पेलिंग बघितलं लई वर्षांनी. त्यात र कुठंच नाही, एल मात्र दोन! आधी वाचला असता तर साहेबांना कोलोनेल म्हणून हाक मारली असती आणि शिक्षा खाल्ली असती. उलट नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण सगळे प्लंबर म्हणतो, कारण तो शब्द पाटीवर वाचला. इंग्रज प्लमर म्हणतो. म्हणून आधी ऐका, मग लिहा, स्पेलिंग शेवटी.

दुसरं, जोर. ‘सावधान’ची ऑर्डर देताना सगळा दणका ‘धान’वर असतो. तो ‘साव’वर दिला तर पाय हलायचे नाहीत. इंग्रजीचं तसंच आहे. हॉटेल म्हणताना आपण हॉ वर जोर देतो, ते टेल वर देतात. वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

आणि लाजू नका. उत्तरेकडचे जवान आमच्या बेळगावला बेलगाम म्हणायचे, लगाम सुटलेल्या घोड्यासारखं. ळ त्यांना जमत नव्हता. त्यांनी कुठं लाज धरली?

निपाणीचे_सर

बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यामुळं उत्तर थोडं लांबेल. वर्गात मीही पोरांना ओरडतो, कारण ती मराठीत लिहिलेलंच पाठ करतात आणि स्पेलिंगकडं बघत नाहीत. तुमचं तसं नाही. वही टाकू नका.

उच्चार सांगण्याच्या कामात बालबोध लिपी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा प्रामाणिक आहे. १४७६ मध्ये कॅक्सटननं इंग्लंडात छापखाना घातला. त्या काळात गुडघ्याच्या ‘नी’मधला के खरोखर म्हणत असत. पुढं तोंडातून तो गेला, छापील शब्दात राहिला. तुमच्या रिसीटमधला पी त्याहून मजेशीर. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात पी नव्हताच. मूळ लॅटिनमध्ये आहे म्हणून विद्वानांनी तो नंतर कागदावर घुसवला. कर्जाच्या ‘डेट’मधला बी तसाच. ‘डिसीट’ म्हणजे फसवणूक, तो रिसीटचा नातेवाईकच, पण त्याच्या स्पेलिंगला पी कायमचा चिकटला नाही, तो सुटला.

आता तुमच्या रिफिलचं मूळ. मराठीत ए एकच. लेखणीही पेन आणि दुखणंही पेन. मिळणं गेट, दार गेट. परीक्षा टेस्ट, चव टेस्ट. कर्ज डेट, तारीख डेट. तुमची वही इथं तुम्हाला फसवते, आणि पुण्याच्या माणसालाही फसवते. पण पुण्याच्या माणसाकडं नसलेली एक गोष्ट तुमच्याकडं आहे. शाळेत कन्नड होतं ना? कन्नडमध्ये ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. अक्कांना कन्नडमध्ये ‘पेन’ लिहायला सांगा, त्या लगेच विचारतील, कुठला? लेखणीचा ऱ्हस्व, दुखण्याचा दीर्घ. इंग्रजीत या दीर्घाला शेवटी हलकी इ लागते, पेइन असं म्हणा, जमेल. आपल्या लिपीतही दक्षिणेच्या भाषांसाठी ऱ्हस्व ए ची वेगळी मात्रा आहे, लेखणी ‘पॆन’ अशी लिहिता येते. नाहीतर सरळ कन्नड अक्षर लिहा, वही तुमची आहे.

उलटही आहे बरं का. बॅट आणि बॉल यांचे स्वर आपण चंद्र काढून मोकळे होतो. कन्नड पाटीवर बँकेची ब्यांक होते. कोट म्हणजे अंगरखा आणि कॉट म्हणजे खाट हे आपल्याकडं सरळ वेगळं दिसतं. तेव्हा ऑ आणि ॲ मराठीचे घ्या, ए कन्नडचा घ्या.

औषधाच्या दुकानासाठी आणखी एक. आपला प आणि शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी पी सारखे नाहीत. त्यांच्यात श्वासाचा झोत असतो. आपण ‘पिल’ म्हटलं की परदेशी माणसाला ‘बिल’ ऐकू येऊ शकतं. तोंडासमोर पावतीचा कागद धरून म्हणा, कागद हलला पाहिजे. पण फ करू नका, ओठ मिटूनच सुटले पाहिजेत. व्ही आणि डब्ल्यूला आपण एकच व वापरतो. व्ही ला खालच्या ओठाला दात लागतो. डब्ल्यूला ओठ गोल होतात, दात लांब राहतात. व्हॉमिट आणि वॉटर आरशासमोर म्हणून बघा.

सोन्या_उचगाव

सर, माझं अजून पिलच्या जागी बिल येतंय. कागद हलेना.

निपाणीचे_सर

कागद जाड असेल. पातळ घे.

काउंटरवाली, टिळकवाडी

सर, सुभेदार काका, दोघांचे आभार. काल दुपारी गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा अक्काला विचारलं. खरंच म्हणाली, ‘कुठला पेन?’ मग तिनं माझ्या वहीत दोन्ही लिहून दिले. खाली टेस्ट, डेट आणि गेट पण लिहिले. मी तिला बदल्यात बँक लिहून दिली चंद्रावर टिंब देऊन, तिला ते फार आवडलं.

पावतीचा कागद हलला. पंख्यानं हलला की पिलनं ते नक्की नाही, म्हणून पंखा बंद करून परत केलं. तिसऱ्या वेळेला हलला. मालक म्हणाले, रोल महाग झालाय.

रात्री पोरीला विचारलं, ‘मिळणं’ला इंग्रजीत काय म्हणतात? म्हणाली गेट. आणि आपण रोज पहिल्या रेल्वे गेटला थांबतो ते? म्हणाली गेट. मी म्हटलं, दोन्ही सारखंच म्हणालीस की. परत म्हणून बघितलं, परत सारखंच. मग तीच वही घेऊन बसली, आणि त्या दोन कन्नड अक्षरांवर बोट ठेवून आम्ही दोघी झोपेपर्यंत गेट-गेट करत बसलो. नवऱ्यानं आतनं विचारलं, कोण आलंय?