अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांना प्रशिक्षण सक्तीचे असावे का?

कोथरूडकर पालक: निदानाचा अहवाल हाती पडतो, पण घरी काय करावे आणि काय टाळावे हे पालकांना कोणीच नीट सांगत नाही. मग ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणाऱ्या, जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाकडून तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहून घेतला जातो, आणि मूल आळशी आहे ही समजूत घरात पक्की होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या कलम 47 मध्ये कुटुंबीयांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहेच. म्हणून अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देतानाच आई-वडील दोघांनाही काही सत्रे सक्तीची करावीत, असे माझे ठाम मत आहे.

हडपसरची आई: सक्तीला माझा विरोध आहे. आपण सांगितलेले कलम 47 बंधन घालते ते सरकारवर, पालकांवर नव्हे. आणि अशी मुले लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय करण्याची जबाबदारी कलम 16 ने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. प्रत्यक्षात शाळेत विशेष शिक्षक नसतो आणि ‘घरी करून घ्या’ एवढाच निरोप येतो. कागदावर आई-वडील दोघे असले, तरी सत्राला रजा काढून जाणार आईच. जिचा दिवसाचा रोज बुडतो, तिचे मूल सत्रे अपुरी राहिली म्हणून प्रमाणपत्राला आणि पर्यायाने परीक्षेतील जादा वेळेला मुकावे काय?

विशेष शिक्षिका, सिंहगड रस्ता: प्रमाणपत्र अडवून ठेवणे मलाही अन्यायाचे वाटते. तरीही प्रशिक्षणाची गरज मी रोज पाहते, कारण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात अडथळा आणणारी अध्ययन अक्षमता, बुद्धीच्या कमतरतेमुळे होत नाही, एवढी एक गोष्ट समजली तरी घरातले बोलणे बदलते. पालकांनी घरी दुसरी शाळा भरवू नये. धडा मोठ्याने वाचून दाखवावा, तोंडी उत्तर ऐकून घ्यावे, आणि लेखनिकासाठीचा अर्ज शाळेमार्फत वेळेत गेला की नाही हे पाहावे.

कोथरूडकर पालक: प्रमाणपत्राची अट मी सोडतो, वडिलांची उपस्थिती मात्र सोडणार नाही. सत्रे रविवारी, मुलाच्याच शाळेत आणि विनाशुल्क ठेवली, तर आपला विरोध कायम राहील काय?

हडपसरची आई: रविवारीही कामावर जावे लागणाऱ्यांचे काय, याचे उत्तर आधी द्यावे. आणि शाळेने विशेष शिक्षक नेमल्याशिवाय पालकांची हजेरी घेऊ नये.