अण्णांच्या हृदयात स्टेम सेल सोडायच्या का?

सांगलीची_लेक: अण्णांचं ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) २५ टक्क्यांवर आलंय. एक क्लिनिक म्हणतंय, जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून स्टेम सेल (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) थेट हृदयात सोडू. खर्चाचा आकडा ऐकून दादा शेत विकायचं म्हणतोय. काय करू?

कॅथलॅबवाला: ताई, शेताला हात लावू नका. तंत्र खरं आहे. कॅथेटर डाव्या खालच्या कप्प्यात नेऊन आधी आतल्या भिंतीचा विद्युत नकाशा काढतात. मेलेला भाग कुठला, तग धरून असलेला कुठला. मग टोकातून केसासारखी सुई काढून थेंबथेंब टोचतात. भिंत पातळ असेल तिथे नाही, आरपार जायची भीती. पण गुण? अमेरिका-कॅनडातल्या ड्रीम-एचएफ चाचणीत पाचशेवर रुग्ण होते. २०२३ मध्ये निकाल छापून आला: हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा पुन्हा ॲडमिट होणं काही कमी झालं नाही.

जुना_सभासद: आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नियमांनुसार हे फक्त चाचणीतच देता येतं, आणि पैसे घेऊन नाहीच. सीटीआरआय नंबर (चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागा, मग बघा चेहरे.

सांगलीची_लेक: मागितला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

कॅथलॅबवाला: झालं तर! गोळ्यांचे डोस पूर्ण वाढवलेत का? आयसीडीचं (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं, छातीत बसवायचं यंत्र) विचारलंत?