शब्दचर्चा: उतारू, प्रवासी, पर्यटक

विचारणा

गुहागर तालुक्यात खाडीकाठी आमचं घर आहे. यंदा दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आणि पाटी रंगवायला दिली. पेंटर म्हणतो, 'पर्यटक निवास' लिहू, सगळे तेच लिहितात. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी आल्यागेल्याला 'उतारू' म्हणायचे. एसटीत बघावं तर 'प्रवासी'. या तिन्हींत नेमका फरक काय? आणि 'उतारू' आता लिहिला तर चुकीचा दिसेल का?

उत्तर

ताई, सासूबाईंचा शब्द अजिबात चुकीचा नाही. तिन्हींत तोच आपल्या किनाऱ्याला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो.

'उतारू'चं नातं पाण्याशी आहे. संस्कृतातला 'तॄ' हा धातू म्हणजे पाणी ओलांडून पलीकडे जाणं. तारू, तरणे, तारणे हे सगळे त्याच घरातले. खाडीवरची 'तर', म्हणजे पलीकडे नेणारी होडी, त्यातलीच. नदी पायी ओलांडता येते त्या उथळ जागेला आपण 'उतार' म्हणतो, तोही त्यातलाच. 'तीर्थ' हा शब्दसुद्धा याच धातूचा आहे. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरायची, पाणी ओलांडायची जागा. स्नान, देऊळ, पुण्य हे त्या जागेला मागाहून चिकटलं. म्हणजे खाडीच्या तरीवर उभा असलेला उतारू आणि काशीला निघालेला तीर्थयात्री हे शब्दाच्या नात्याने भाऊबंद आहेत. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला होता, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

आता 'उतरणे' कोकणात कसं घडायचं ते बघा. माझी आजी हर्णैची. मुंबईहून आगबोट यायची ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची, कारण काठाला लागेल असा धक्का फार थोड्या बंदरांना होता. मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं-सामान काठाला आणणाऱ्या होड्या, जायचे. हलत्या बोटीवरून हलत्या पडावात पाऊल टाकायचं, ट्रंक वरून कोणीतरी सोडायचं, खाली कोणीतरी झेलायचं. पडावही वाळूला टेकायच्या आधीच थांबायचा. तिथून पुढे खलाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसांना खांद्यावर घ्यायचे आणि कोरड्या वाळूवर ठेवायचे. आजी सांगायची, लुगडं ओलं होऊ नये म्हणून तिने पाय वर धरले होते आणि दोन्ही हातांनी खलाशाचं मुंडासं घट्ट पकडलं होतं. तिच्यासाठी 'उतारू' म्हणजे असा उतरवला गेलेला माणूस. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरांची माळ तिला पाठ होती.

उतरणे म्हणजे मुक्काम करणेही. "कुठे उतरलात?" या प्रश्नात वाहनातून खाली येणं आणि कोणाच्या तरी छपराखाली जाणं, दोन्ही एकाच क्रियापदात बसतं. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्याने लिहून ठेवलंय की गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे-मागे चालायचे. पाहायला आलेला कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे तेव्हा उलटं होतं. चौल हे तर त्याच्याही फार आधीचं बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात ते 'सेमिल्ला' म्हणून येतं आणि दहाव्या शतकात अरब लेखक अल मसूदीच्या लेखनात 'सैमूर' म्हणून.

'प्रवास' हा शब्द याहून वेगळा आणि जरा दुःखाचा आहे. त्यात 'वस्' म्हणजे राहणं. निवास, रहिवास, वस्ती यांतला तोच. 'प्र' लागला की घरापासून दूर राहणं. मूळ अर्थात चालणं किंवा चाकं नाहीत, घरी नसणं आहे. ज्या बाईचा नवरा परगावी गेलेला आहे तिला संस्कृत काव्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' म्हणतात. त्यातला 'प्रोषित' म्हणजे प्रवासाला गेलेला, तोही 'प्र' आणि 'वस्'चाच. शब्द जडजंबाल आहे, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरोघरच्या बायका तो शब्द न ऐकता जगल्या. नवरा गिरणीत, ती भाताच्या खाचरात, आणि भेट गणपतीला नाहीतर शिमग्याला.

हिंदीने हा जुना अर्थ टिकवला. म्हणून तिकडे 'प्रवासी भारतीय' म्हणजे परदेशात राहणारा भारतीय आणि 'प्रवासी मजदूर' म्हणजे पोटासाठी परमुलखात गेलेला मजूर. मराठीत मात्र प्रवासी म्हणजे वाटेवर असलेला, गाडीत बसलेला. 2020 साली हिंदी बातम्यांवरून घाईने उतरवलेल्या मराठीत 'प्रवासी मजूर' असं सर्रास यायचं. ते आपल्याकडे 'स्थलांतरित' असायला हवं होतं, कारण मराठी वाचकाला ते मजूर रेल्वेत बसलेले दिसतात.

हा बदल होत असतानाच्या काळातलं एक उदाहरण आपल्याच मुलखात आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज होतं, तिकडे मोठा यज्ञ व्हायचा होता, दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेत उठाव पेटला आणि ते झाशीच्या वेढ्यात सापडले. परत येताना त्यांच्या खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती. ही हकीकत 1907 साली छापली गेली तेव्हा तिचं नाव 'माझा प्रवास' होतं. मला तिथे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात, वाटचालही आणि घरापासून लांब काढलेली वर्षंही. आणि ही यात्रा होती की पोटाचा उद्योग, हेही वेगळं काढता येत नाही. जुना प्रवास बहुधा असाच मिसळलेला असायचा.

'पर्यटक' तुलनेने सरळ आहे. परि म्हणजे सभोवार, अटन म्हणजे हिंडणं. देशाटन, तीर्थाटन, भिक्षाटन हे त्याचे सख्खे. शब्द संस्कृत, पण रोजच्या बोलण्यात तो सरकारी कागदांतून आला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 चं, आणि सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला 1997 साली. पुढल्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि आपल्याकडे गाववाले आणि चाकरमानी यांच्या जोडीला हा तिसरा माणूस आला. एक पाहा, हा शब्द माणूस स्वतःसाठी वापरत नाही. "आम्ही पर्यटनाला चाललोय" असं घरात कोणी म्हणत नाही, "फिरायला चाललोय" म्हणतात. पर्यटक नेहमी दुसरा असतो. म्हणून पाटीवर तो मला थोडा परका वाटतो.

प्रतिसाद, मालवणहून

'यात्रा' राहिली की! आमच्याकडे जत्रा म्हणजे दशावताराची रात्र, आणि आंगणेवाडीला मुंबईचा माणूस रजा टाकून येतो तीही जत्राच. हा यात्रेचाच अपभ्रंश ना? आणि दुसरं, "बोट लागली" याचे दोन अर्थ कसे?

उत्तर

हो, 'यात्रा'चीच जत्रा झाली. गंमत अशी की यात्रा म्हणजे जाणं आणि जत्रा म्हणजे जिथे सगळे आले ते ठिकाण. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात तर याच्याही पुढची गोष्ट आहे. तिथल्या चौदा कुंडांत पाणी प्रकटलं की "गंगा आली" म्हणतात, आटलं की "गंगा गेली". तिथे तीर्थच येतं-जातं आणि माणसं निरोप मिळाला की धावतात.

'लागणे'चा प्रश्न फार चांगला आहे. "धक्क्याला बोट लागली" यात लागणे म्हणजे टेकणं. "मला बोट लागते" यात ती अंगाला बाधते, जसं ऊन लागतं, नवीन गावचं पाणी लागतं. आगबोटी गेल्या, पण क्रियापद दोन्ही अर्थांसकट एसटीवर चढलं. चिपळूणच्या स्टँडवर "गुहागर लागली" आणि पुढे घाटात "मला गाडी लागते" ही वाक्यं एकाच कुटुंबाच्या तोंडून अर्ध्या तासात ऐकू येतात. आजी पदराच्या गाठीत आमसुलाचा तुकडा ठेवायची आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच आम्हा मुलांच्या जिभेवर द्यायची. "रामदास बुडाली त्या साली" अशी ती वर्षं मोजायची. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ सहाशेहून जास्त माणसं घेऊन बुडाली. त्यानंतर कितीतरी घरांत 'बोट' हा शब्दच हळू आवाजात उच्चारला जायचा.

'वस्तीची गाडी'ही इथेच नोंदवतो. संध्याकाळी गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी एसटी. 'प्रवास'मधलाच 'वस्' इथे गाडीला लागला आहे. हा शब्द जपून ठेवावा असा आहे.

प्रतिसाद, दापोलीहून

दाभोळ-धोपावे फेरीबोटीला आमच्याकडे 'जंगलजेट्टी' म्हणतात. जंगल कुठून आलं?

उत्तर

माझ्या मते जंगलाचा इथे काही संबंध नाही. केरळात वाहनं नेणाऱ्या अशाच सपाट बोटीला 'जंगार' म्हणतात, आणि तो पोर्तुगीज 'जंगाडा'च्या नात्यातला आहे. त्याच्या मुळाशी ओंडके किंवा होड्या एकत्र बांधून केलेला तराफा आहे. वर ज्या ग्रीक वर्णनाचा उल्लेख केला, त्यातही बांधलेल्या मोठ्या होड्यांना 'संगरा' म्हटलं आहे. अनोळखी 'जंगार' आपल्या जिभेने ओळखीच्या 'जंगल'वर बसवला असावा. लोक शब्द असेच आपलेसे करतात.

त्याच दाभोळच्या धक्क्याजवळ सतराव्या शतकातली मशीद आहे. विजापूरची राजकन्या मक्केला जायला तिथवर आली, पण जाता आलं नाही, मग बरोबर आणलेल्या पैशातून तिने मशीद बांधली, असं गावात सांगतात. फेरीची वाट बघताना पाच मिनिटं काढून ती जरूर बघा.

विचारणा करणारीकडून

सगळ्यांचे आभार. पेंटरला सांगितलं, 'उतरण्याची व जेवणाची घरगुती सोय' असं लिही. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, बरोबर आहे. आता तो विचारतोय, खाली बारीक अक्षरात 'उतारूंसाठी पाणी गरम मिळेल' लिहायचं तर 'रू' पहिला की दुसरा?

उत्तर

दुसरा, ताई. शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, म्हणून 'उतारू', आणि पुढे प्रत्यय लागला तरी 'उतारूंसाठी'. सुरुवातीचा 'उ' मात्र ऱ्हस्व.