सातबारावर नाव आपलं, पण माती चालली नाल्यात. बायांनी मिळून शिकायचं कसं?

धुऱ्यावरची_बाभूळ
नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते, वावर उमरेड तालुक्यात आहे, बाबांनंतर वाटणीत आलं आणि सातबारावर आता माझं नाव आहे. रोज जाणं होत नाही म्हणून ठेक्यानं दिलंय. यंदा पावसात गेले तर नाल्याकडच्या अंगाला चक्क मुरूम उघडा पडलाय, वरची काळी माती सगळी वाहून गेली आणि पेरणी बघितली तर उताराच्या दिशेनंच केलेली. ज्यांना ठेक्यानं दिलंय त्या दादांना बोलले तर म्हणतात, ताई ठेका वेळेवर मिळते ना, मग कशाला टेन्शन घेता. मिळतो हो, पण जमीन तर माझीच जातेय.
ओळखीत अशा बऱ्याच बाया आहेत, कोणाचा नवरा गेल्यावर नाव चढलं, कोणाला माहेरचा हिस्सा मिळाला. नाव आहे पण वावरात काय करायचं हे दुसरंच कोणी ठरवतं. गावात शेतीची मीटिंग असली की पुढे सगळे पुरुष, आम्ही मागे, तिथे साधा प्रश्न विचारायलाही जीव धजत नाही. म्हणून आम्हाला आमचं आमचं बसून शिकायचंय. सुरुवात कुठून करू? कोणाला बोलवू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

कळमेश्वरची_शेतकरीण
ताई मी स्वतः वावर वाहते म्हणून सांगते. साहेबाले बोलवायच्या आधी, पाऊस चालू असताना सगळ्याजणी मिळून एकेकीच्या वावरात फिरा. पाणी कुठून येते, कुठं जोर धरते, कुठून बाहेर पडते ते पाहा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात, मग पाणी आत कमी जाते अन् वरूनच पळते, त्यात पेरणी उताराच्या दिशेनं असली तं पिकाच्या दोन ओळींमधली प्रत्येक जागा नालीच होते. उताराले आडवी पेरणी केली तरी लय फरक पडते अन् त्याले वेगळा खर्च नाही. सोयाबीन महिनाभराचं झालं की डवऱ्याले, म्हणजे कोळप्याले, दोरी गुंडाळून काही ओळींनंतर एक सरी पाडायची, पाणी तिथं जिरते अन् जास्त झालं तं निघूनही जाते.
अन् ग्लासचा प्रयोग नक्की करा. धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, गवताखालचं एक सुकं ढेकूळ अन् पिकातलं एक, दोन काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. पिकातलं लवकर फुटून गढूळ होते, गवताखालचं टिकते कारण त्यात मुळं अन् सेंद्रिय कर्ब जास्त. आमच्या गटात हे पाहिल्यावर ज्या बाया कधी तोंड उघडत नव्हत्या त्या बोलायला लागल्या, आधी शेणखत किती पडे, आता पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या काड्या, जाळून टाकतात, असं एकेक निघत गेलं.

वर्धा_रोड
नागपुरात राहून माणसं मिळणार नाहीत असं होऊच शकत नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय अमरावती रोडवर आहे, कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर आणि तिचंच कृषी विज्ञान केंद्रही आहे. तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या की आम्हाला फक्त महिलांची शेतीशाळा हवी, 'आत्मा'चं, म्हणजे शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी कृषी यंत्रणेचं, विचारा. नावांची यादी आणि गट नंबर सोबत जोडा, एकटीनं गेलं की उद्या या म्हणतात.
एक सांगतो, मुरूम दिसला म्हणून घाईनं सगळीकडे बांध घालू नका. खोल काळ्या जमिनीत समतल बांध घातला की पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, तिथे हलक्या ढाळीचा बांध आणि पाणी काढून द्यायला सांडवा लागतो. बरड, म्हणजे हलक्या मुरमाड भागाचा हिशोब वेगळा. माती परीक्षणालाही काळी आणि बरड वेगवेगळी द्या, पीक काढून झाल्यावर, १५-२० सेंमी खोल खड्ड्यातून, आणि धुऱ्याची किंवा उकिरड्याजवळची घेऊ नका.

आजीची_विहीर
हे वाचून आयोवा आठवलं. अमेरिकेतल्या त्या राज्यात जवळपास अर्धी शेतजमीन बायकांच्या एकट्या किंवा सामायिक मालकीची आहे, त्यातल्या पुष्कळ वयस्कर आणि जमीन भाड्यानं दिलेल्या, म्हणजे अडचण अगदी तुमचीच. तिथे 'विमेन, फूड अँड ॲग्रिकल्चर नेटवर्क' ही संस्था बायकांना गोलात बसवते, आधी प्रत्येकीनं आपल्या जमिनीची गोष्ट सांगायची, तज्ज्ञ नंतर बोलणार, मग सगळ्यांनी शेतावर जाऊन बघायचं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, तज्ज्ञाचं भाषण आधी झालं की बाया गप्पच होतात. आपल्याकडे १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला, लक्ष्मीमुक्ती योजनेतून १९९२ पासून बायकोचं नाव सातबारावर लावायची सोय झाली, तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात बायकांच्या नावे असलेली वहिती खाती १४ टक्क्यांच्या आसपासच. जिचं नाव लागलंय तिनं तरी वावरात काय होतंय ते विचारलंच पाहिजे.

कोरडवाहू
मी दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करतो, म्हणून आमची बाजूही ऐका. ठेका एका वर्षाचा असते. धुऱ्यावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्पाची झाडं लावली, बांध घातला, तर फायदा दोन-तीन वर्षांनी, तोवर वावर दुसऱ्याकडे गेलं तर? मालकीणबाईनं तीन वर्षं पक्कं सांगितलं अन् बांधाचा खर्च ठेक्यातून वजा केला तर मी आडवी पेरणीही करीन अन् पऱ्हाटी जाळणार नाही, बारीक करून वावरातच टाकीन. कूळ लागंल, म्हणजे ठेक्यानं करणारा जमिनीवर हक्क सांगंल, म्हणून लोक लिहून देत नाहीत, ते समजते, पण वकिलाले विचारून करा काहीतरी.

धुऱ्यावरची_बाभूळ
@कोरडवाहू दादा, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, खरंच थँक्यू. मग पहिल्या बैठकीला ठेक्यानं करणाऱ्यांना बोलवत नाही, दुसऱ्या वेळेस नक्की बोलवते, आधी आम्ही सगळ्याजणी आपापल्या जमिनीबद्दल बोलून घेतो. @कळमेश्वरची_शेतकरीण ताई, ग्लास आणि ढेकळं मी आणते. उमरेड, भिवापूर, कुही भागातली कोणी हे वाचत असेल आणि सातबारावर तिचं नाव असेल तर मेसेज करा. जमीन एक एकर असली तरी चालेल.