मदत हवी आहे: पोलीस गावात येऊन गेले की ग्रुपवर उठणारी आवई कशी थांबवायची?

नमस्कार. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं अजून याच भागात फिरून पोट भरतात. इथे कुणी पोलीस पाटील, वकील, पत्रकार किंवा शिक्षक असतील तर सल्ला हवा आहे.

मागच्या आठवड्यात दिवेलागणीला फाट्यावरच्या हॉटेलातून दोघांना एका पांढऱ्या स्कॉर्पिओत घालून नेलं. गाडी खासगी, नेणारी माणसं साध्या कपड्यात. ते स्थानिक गुन्हे शाखेचे पोलीस होते आणि प्रकरण विहिरीवरच्या मोटारी न् केबल चोरीचं होतं, हे गावाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर मात्र गावाकडे काहीच माहिती नव्हती आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं.

पहिला मेसेज खरा होता: फाट्यावरून दोघांना गाडीत घालून नेलं. दुसऱ्या ग्रुपवर जाईपर्यंत त्या दोघांची शाळेतली लेकरं झाली. मग एक व्हॉइस नोट आली. बाईचा आवाज, धापा टाकत बोलतेय, मागं कुत्री भुंकतायत: "लेकरं घरात घ्या, टोळी उतरलीय, पोत्यात घालून नेतेत." ना गावाचं नाव, ना तारीख, ना वार. ती नोट कुठली, किती जुनी, कुणालाच माहीत नाही. पण आवाज घाबरलेला होता आणि आपल्याच भागातला वाटत होता, तेवढं पुरलं.

त्याच वेळी चादरी-सतरंज्या विकणारं एक कुटुंब टेम्पो घेऊन गावातून बाहेर पडत होतं. पोरांनी काठ्या घेऊन टेम्पो अडवला. पोलीस पाटील आणि एक निवृत्त गुरुजी मध्ये पडले, चौघांना ग्रामपंचायतीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. दोन तासांनी पोलिसांची गाडी आली. कुणाला इजा झाली नाही. पण मधल्या वेळात एका पोराने त्या चौघांना आपापलं आधार कार्ड छातीशी धरायला लावून फोटो काढला. त्यातल्या म्हातारीने कार्ड उलटं धरलं होतं. दुसऱ्याने पुढे येऊन ते सरळ केलं आणि मग फोटो घेतला. तो फोटो अजून फिरतोय. परवा जालन्याकडच्या नातेवाइकाने मलाच पाठवला, खाली "सावध राहा" लिहून.

ग्रामपंचायतीची कडी लागली तेव्हा माझ्या डोक्यात राईनपाडा होतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीतच जमावाने ठेचून मारली. त्याआधी महिनाभर मराठवाड्यातही अशाच अफवांनी गावं जागी होती. अशा वेळी सापडतो तो बहुरूपी, गोसावी, भंगारवाला, चादरवाला. ज्याच्या ओळखीचं गावात कुणी नाही आणि ज्याची भाषा थोडी वेगळी आहे, असा माणूस.

गावाची भीतीही खोटी नाही, हे बाहेरच्यांनी समजून घ्यावं. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. आईबाप कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात फडावर. त्या रात्री फडावरून फोनवर फोन येत होते. लेकरू इकडे आजीशेजारी झोपलेलं असतानाही आई तिकडून रडत होती, कारण आजीला फोन उचलता येत नव्हता. "अफवांवर विश्वास ठेवू नका" एवढं सांगून अशा आईचं समाधान कसं होणार?

आता अडचणी. गावाच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे, तर कायद्याने माझी जबाबदारी कुठवर जाते? पोलीस कारवाई चालू असताना त्यांना नेमकं काय विचारता येतं, आणि विचारायचं कुणाला? त्या रात्री ठाण्यात फोन केला तर "तपास चालू आहे" म्हणून ठेवून दिला. संशयिताला ग्रामपंचायतीत बसवणं बरोबर की चूक? आणि त्या फोटोचं काय करू? ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचतेय.

गोदाकाठ: मी अंबड तालुक्यात पोलीस पाटील आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून आमच्याकडे गावंच्या गावं काठ्या घेऊन गच्चीवर बसली होती. तुमच्याकडे बीडलाही तेच चाललं होतं. तेव्हा शिकलो ते सांगतो.

पहिला फोन ११२ ला. तिथे कॉलची नोंद होते आणि जवळची गाडी निघते. दुसरा फोन ठाणे अंमलदाराला, पण "काय झालंय" असं विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. एवढंच विचारा: आमच्या शिवारात तुमची गाडी आत्ता आहे का? हो किंवा नाही. हे उत्तर बहुतेक वेळा मिळतं. मग ग्रुपवर एकच मेसेज टाका: किती वाजता विचारलं, कुणी विचारलं, काय उत्तर आलं. खाली स्वतःचं नाव. आमच्याकडे तोच मजकूर देवळाच्या भोंग्यावरून सांगतो, कारण काठी घेऊन बाहेर पडलेला माणूस मोबाइल बघत बसत नाही.

ग्रामपंचायतीबद्दल. खोलीत बसवल्याने माणूस वाचतोच असं नाही. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला एप्रिल २०२० मध्ये दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर पोलिसांसमोर मारले गेले, तिथे पोलिसांची गाडीसुद्धा कामी आली नाही. माझा अनुभव असा की आधी गर्दी पातळ करायची. पोरांना नाव घेऊन हाक मारा, त्याच्या बापाला, चुलत्याला, आजीला पुढे घाला. नाव घेतलेला पोरगा गर्दीतून बाजूला होतो. खोलीत बसवलंच तर दारात दोन वयस्कर बाया बसवा आणि कडी आतून ठेवा.

दगडीपार: वकिली करतो, छत्रपती संभाजीनगर. ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे: समान हेतू किंवा आधीच ठरवलेला कट असल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा भिऊन ग्रुप बंद करू नका. "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग रात्रीपुरती लावा. मात्र भीती पसरवणारा खोटा मजकूर जो टाकेल किंवा पुढे ढकलेल, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो.

माहितीचा हक्क बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला अधिकारी असायला हवा, दर्जा किमान सहायक उपनिरीक्षकाचा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची नोंद त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात ठळकपणे लावायची. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची ओळख स्पष्ट दिसली पाहिजे, आणि अटकेच्या पंचनाम्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी. साध्या कपड्यात येऊन उचलून नेलं की अफवा उठणारच. हे लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे मांडा, तक्रार म्हणून नाही, सूचना म्हणून. एफआयआर संवेदनशील नसेल तर राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरही दिसतो.

फोटोबद्दल: "हा फोटो खोटा आहे" असा शिक्का मारून तोच फोटो परत पाठवू नका. शिक्का कापला जातो, चेहरे राहतात. फक्त मजकूर पाठवा. आधार क्रमांक दिसत असेल तर सायबर पोलिसांकडे अर्ज द्या, पण त्या कुटुंबाला विचारून.

कोयता_बीड: मी आत्ता फडावरूनच लिहायलोय. तुमचं समदं खरंय भाऊ, पण आम्हाला कायदा नको. त्या रात्री गावात कुणीतरी घरोघर जाऊन लेकराच्या तोंडावर उजेड धरून व्हिडिओ कॉल करून द्या. चेहरा दिसला की आमची बायको गप होती. नाहीतर आम्हीच दहा ग्रुपवर टाकतो.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. कोयता_बीड, तुमचं म्हणणं थेट पोचलं. ऊसतोडीला गेलेल्या घरांची वाडीनुसार वाटणी आज शाळेत बसून केली. प्रत्येक वाडीला अंगणवाडी ताई किंवा शिक्षक, असं एक माणूस ठरवलं. असं काही घडलं की हंगामी वसतिगृहातल्या लेकरांचा कॉल गुरुजी लावून देणार आहेत. अधीक्षकांना द्यायचा अर्ज लिहून झालाय, दगडीपार, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नजरेखालून घाला.

चादरवाल्यांशी फोनवर बोललो. सायबर पोलिसांकडच्या अर्जाला त्यांनी हो म्हटलंय, पण पोलीस ठाण्यात यायला म्हातारी तयार नाही. ते आता कळंबकडून धाराशिवच्या बाजूला निघालेत. फोटो त्यांच्या आधी तिकडे पोचलेला असणार. कळंब, वाशी, भूम भागातलं कुणी इथे असेल, पोलीस पाटील असतील तर फारच बरं, त्यांनी कृपया आज रात्रीच व्यनि करा. टेम्पोचा नंबर आणि त्यांच्या मुक्कामाची गावं मी फक्त त्यांनाच कळवेन.